खाटेखालची बॅग

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही मानसीची. हस्ताक्षर स्पर्धेत मिळालेली. काल रात्री जेवताना माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, आपण जहाजाने गोव्याला जाणार आहोत. तुम्ही यात सगळं लिहायचं. मी लिहिलं तर अभ्यास होईल."

प्रितमने खरोखरच जहाज ठरवलं आहे. मुंबई ते गोवा आणि परत, आम्ही पाचही जण, पुढच्या महिन्यात. तो तळेगावच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याला सुट्टी मिळणं म्हणजे ग्रहण बघायला मिळण्यासारखं. "बाबा, एकदा सगळे मिळून जाऊन येऊ. परत जमेल न जमेल," म्हणाला. सूनबाई ज्योत्स्ना तेवढ्यात उठून पाणी आणायला गेली. पाण्याचा तांब्या तर टेबलावरच होता.

मी सारी नोकरी लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली. गोणपाटावर काळ्या शाईने गावं लिहायची. गुंटकल, रेणिगुंटा, इटारसी, वाडी. ती नावं मला शाळेतल्या कवितेसारखी पाठ आहेत, अजून आंघोळ करताना ओठांवर येतात. यातलं एकही गाव मी पाहिलं नाही. दुसऱ्यांचं सामान जगभर धाडलं आणि आपण भुशीच्या घरून स्टेशनला, स्टेशनहून भुशीला. आता माझ्या सामानाला लेबल लागणार.

माझंही एक गुपित आहे, ते जहाजावरच फोडायचं ठरवलं आहे. नथू गवंड्याला मी गच्चीवर नेऊन मापं घ्यायला लावली. वर एक खोली काढायची, मानसीसाठी. डोंगराच्या बाजूला खिडकी. पोरगी मोठी होते आहे, तिला बसून वाचायला आपली जागा हवी. बायकोला, सरूला, सांगितलं की गच्ची गळते म्हणून नथू आला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुण्याला जाऊन बॅगा आणल्या. तीन मोठ्या, तिन्ही एकाच वांगी रंगाच्या, चार चाकांच्या, बोटाने ढकलल्या तरी पळतात. मी म्हटलं, चार दिवसांच्या गोव्याला तीन कशाला? प्रितम म्हणाला, तीन घेतल्या तर स्वस्त पडत होत्या. ते खरं असेल. पण एकाच रंगाचं तीन नग सामान घेणं म्हणजे पार्सलवाल्याच्या डोक्याला ताप. हे मी बोललो नाही.

सोबत हातात धरून वजन करायचा एक काटाही घेतला. ज्योत्स्ना म्हणाली, "बाबा, कुठलीच बॅग तेवीस किलोच्या वर जाता कामा नये."

"अगं, जहाज आहे ते. हत्ती चढवला तरी हलणार नाही."

ती प्रितमकडे बघून म्हणाली, "सवय असलेली बरी." मुलगी फार शिस्तीची आहे. मला तिचं हे आवडतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

घरात सध्या नवीन भाषा आली आहे. मानसी सकाळी उठून मला, आजीला आणि दारातल्या मांजरीला "गूटन मॉर्गन" म्हणते. ज्योत्स्ना पोळ्या लाटताना कानात फोनची बोंडं घालून तेच पुटपुटत असते. घशात खडीसाखर अडकल्यासारखे उच्चार आहेत, पण लयीत म्हटले तर गोड लागतात. हल्ली शाळेत काय काय शिकवतात! आम्हाला इंदुरीच्या शाळेत एक मराठीच होती, आणि ती पुरून उरली. नदीकाठच्या त्या शाळेत आमचे गुरुजी दर शनिवारी स्वतः केलेली कविता फळ्यावर लिहीत आणि आम्ही चाळीस पोरं ती एका सुरात म्हणत असू. एक मला सकाळपासून आठवते आहे:

पाखराला नाही पेटी, नाही गाठोडे,
पंखांखाली आभाळाचे नेते ते तुकडे.

मानसीला म्हणून दाखवली. ती म्हणाली, "पण आजोबा, पाखराला थंडी वाजत नाही का?"

सरूने काल मसाला कुटला. भर हिवाळ्यात! मी म्हटलं, उन्हाळ्यात करतात ना हे? "लागंल," म्हणाली. तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडीही शिवायला घेतली आहे, आणि तीही लहान, मानसीच्या मापाची. विचारलं तर म्हणते, "जहाजावर एशी लय असतो म्हनत्यात." समुद्रावर थंडी वाजू नये म्हणून एवढी तयारी सुदुंबऱ्याच्या कुठल्याच बाईने केली नसेल.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. वंदना झाली. सरूने नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले होते, डोळे पुसत होती. मी विचारलं नाही. आजच्या दिवशी तिला तिचा बाप आठवतो. आमच्या दोघांच्याही आईबापांनी छप्पन साली दीक्षा घेतली. मी त्याआधीचा, म्हणून नाव विठ्ठलच राहिलं. आई म्हणायची, हाक मारायची सवय झाली आहे, आता कुठे बदलू.

बाहेर चपला घालताना शेजारचा संदेश म्हणाला, "आबा, आता घर लय मोठं वाटंल तुमाला."

म्हणजे नथूने वरच्या खोलीचं सगळीकडे सांगितलं तर! मी बोट ओठांवर ठेवलं. म्हटलं, "कोणाला बोलू नकोस. प्रितमला अजून ठाऊक नाही." संदेश माझ्याकडे बघतच राहिला.

१५ डिसेंबर, रविवार

उद्या निघायचं. सगळं घर बॅगांनी भरलं आहे आणि सगळे एकमेकांवर ओरडत आहेत. प्रितम, ज्योत्स्ना आणि मानसीची एक बॅग, आमची दोघांची एक. तिसरी दिसत नाही. ज्योत्स्ना म्हणाली, "ती राहू द्या बाबा."

सामान भरणं ही कला आहे हे आजकाल कोणाला पटत नाही. जड ते तळाला, चाकांच्या बाजूला. मोकळी जागा म्हणजे चोर, ती आतलं सामान हलवते, हललं की फुटतं. मी माझे दोन शर्ट, पायजमा, सरूच्या साड्या, तिची निळी शाल, माझा दाढीचा डबा, सगळं असं बसवलं की हात फिरवला तर एक सुरकुती नाही. चिक्कीचे पुडे वर ठेवले. लोणावळ्याचा माणूस चिक्कीशिवाय गावाबाहेर पडत नाही, मग समोर समुद्र असो नाहीतर स्मशान, असं सरू म्हणते.

जहाजवाल्यांनी खोलीच्या नंबरचे कागदी पट्टे पाठवले आहेत, बॅगेला लावायला. पट्टे कसले, बिस्किटाच्या पुड्याचे कागद! मी जुन्या पद्धतीने जाड पुठ्ठ्याचं लेबल कापलं, शाईने माझं नाव लिहिलं, खाली "लोणावळा", आणि भोक पाडून सुतळी ओवून ठेवली. सकाळी बांधेन.

१६ डिसेंबर, सोमवार. जहाजावर.

काय लिहावं आणि कुठून. क्रमाने लिहितो.

पहाटे गाडी आली. बाकीचे चहात होते. म्हटलं, आपणच सामान चढवून चकित करू. प्रितमची बॅग ओसरीवर होती, ती टाकली. आमची सापडेना. आतल्या खोलीत खाटेखाली वांगी रंग दिसला. ओढली तर हे ओझं! सरूने रात्रीतून वरवंटा घातला की काय, असं मनात आलं. तिचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे खाटेखाली का सरकवली हे विचारलं नाही. लेबल बांधलं, गाडीत घातली. सगळ्यांत शेवटी मी कुलूप लावलं. इतका आनंद झाला होता की घाटात मी मोठ्याने गावांची नावं म्हटली आणि मानसीने टाळ्या वाजवल्या.

मुंबईला बंदरावर बॅगा आपल्या हातून घेतात. तिथून त्या त्यांच्या त्या येतात, संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी. मला ते बघून भरून आलं. उभा जन्म मी पलीकडच्या बाजूला होतो.

जहाज म्हणजे तरंगतं गाव. आत जिने, दुकानं, झुंबरं. निघण्यापूर्वी भोंगा झाला आणि सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करून केशरी जॅकेट कसं घालायचं ते शिकवलं. शिकवणारी मुलगी म्हणाली, संकट आलं तर कोणीही सामान आणायला खोलीत जायचं नाही. बॅग नाही, पर्स नाही, काही नाही. फक्त माणसं. सरूने विचारलं, "काय म्हनली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर हाये तिचं."

संध्याकाळी प्रितमची बॅग आली. आमची नाही. मग फोन आला की बॅगेच्या मालकाने खाली तपासणीवर यावं. मी एकटाच गेलो. म्हटलं, चिक्की असणार.

टेबलावर बॅग होती, माझं लेबल, माझं अक्षर. गणवेशातला तरुण पोरगा होता, हिंदी बोलत होता. "बाबूजी, ये आपकी है? इसमें कुकर है। घर का मसाला, पापड़, चटनी। ये सब यहाँ रखना पड़ेगा, उतरते वक़्त मिलेगा।"

मी म्हटलं, कुकर? बायकोने घातला असेल. आणि मग त्याने बॅग पूर्ण उघडली. माझा एकही शर्ट नव्हता. प्रितमच्या मापाचा जाड कोट, कापूस भरलेला. ज्योत्स्नाचा तसलाच लांब. लोकरीचे हातमोजे. ती लुगड्यांची गोधडी. आणि मानसीचे बूट, गुडघ्यापर्यंत येणारे. आत हात घातला तर मेंढीच्या पिलासारखं मऊ.

पोरगा हसला. "बाबूजी, गोवा में बर्फ़ गिरनेवाली है क्या?"

मीही हसलो. त्याचं काही चुकलं नव्हतं.

"नातीचे आहेत," मी म्हटलं.

"कहाँ जा रही है पोती?"

मला माहीत नव्हतं. पण म्हणालो, "लांब."

बॅग घेऊन वर आलो. वाटेत चार चाकं एवढी गुळगुळीत फिरत होती. तेवीस किलो, गूटन मॉर्गन, भर हिवाळ्यातला मसाला, संदेशचं ते बघणं, सगळं एकेक करून माझ्या मागे मागे येत होतं.

खोलीत प्रितम उभा होता. त्याने बॅग बघितली, मग मला बघितलं. मी म्हटलं, "चुकून दुसरी उचलली. आमची घरी राहिली वाटतं." तो म्हणाला, "हो बाबा. असू दे." एवढंच. दोघेही त्या बॅगेकडे बघत उभे, जणू ती बोलेल.

रात्री जेवायला मी प्रितमचा टी-शर्ट घालून गेलो. छातीवर काहीतरी इंग्रजी लिहिलं होतं. ज्योत्स्नाने सरूला तिचा पंजाबी ड्रेस दिला, त्यात सरू लाजून खुर्चीतून उठेना. मानसी हसून हसून लोळली. कोणीही बुटांचं बोललं नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

रागात लिहितो आहे. मला हे लोक पार्सल समजतात. पार्सलला कोणी विचारत नाही, फक्त सांभाळून ठेवतात. सरूची हालचाल मी काल रात्री नीट पाहिली. बॅग उघडली तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. गोधडीची घडी मोडली होती ती तिने नीट केली, बस. म्हणजे तिलाही ठाऊक. मला सोडून साऱ्या घराला, साऱ्या भुशीला ठाऊक.

तर मग सकाळी मी असं केलं. नाश्त्याला सगळे बसले होते, खिडकीबाहेर निळा समुद्र. प्रितम दोनदा "बाबा, एक बोलायचं होतं" म्हणाला. दोन्हीदा मी मानसीला इडली वाढली. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडण्याच्या आत मी कागदी रुमाल पसरला आणि पेनाने चौकोन काढला.

"ही गच्ची. हा जिना. आणि ही मानसीची खोली. इथे खिडकी. नथूने मापं घेतली आहेत, परत गेलं की काम सुरू. पावसाळ्याच्या आत छप्पर पडेल." आणि मग हेही बोललो, "माझ्या आयुष्यातली ही एकच इच्छा उरली आहे."

मला सगळं कळलेलं असताना बोललो. मुद्दाम. इथे खोटं लिहून काय करू.

ज्योत्स्नाने मान खाली घातली. मानसीने रुमाल ओढून घेतला. "खिडकीतून धरण दिसेल, आजोबा?" आणि मग तिच्या बाबाकडे बघून थांबली. प्रितमने त्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "छान आहे, बाबा. बांधू आपण." आवाज इतका सरळ होता की त्यात काहीच नव्हतं. उठला आणि डेकवर गेला.

मी जिंकलो होतो. इडली खाल्ली.

दुपारी. पुढचं आत्ताच लिहितो, नाहीतर विसरेन, किंवा मला हवं तसं आठवेन.

मानसी खोलीत ते बूट घालून पलंगावर बसली होती, पाय हलवत. मला म्हणाली, "आजोबा, बूट आता दुकानात परत देता येतील का? किमतीची पट्टी फाडली आहे."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं परत द्यायला?"

"बाबा आईला म्हणाले, राहू दे, नाही जायचं. आई रडली नाही. ती म्हणाली, बरं. पण मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय."

सरू आरशासमोर केस विंचरत होती. मानसी बूट वाजवत ज्योत्स्नाच्या खोलीत गेली तशी कंगवा ठेवून वळली. "झालं समाधान?"

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"गौरी-गणपतीपासनं. त्याची कंपनी त्याला जर्मनीला धाडतीया, तीन वर्सांसाठी. तुमी बसला आसता तोंड पाडून म्हनून त्यो तुमाला सांगत न्हवता. तिकिटं काढली न्हाईत अजून. म्हनला, बाबांचं ऐकून मग काढीन."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"नथू मापं घेत व्हता तवा तुमी मला गच्ची गळती म्हनला. म्या काय म्हनले?" ती थांबली. "तुमी खोली मनात बांधत व्हता, त्यो बॅग भरत व्हता. दोन्ही माझ्याच डोस्क्यावर. म्हनलं, जहाजावर चार दिस गाऊ द्या म्हाताऱ्याला. मग बघू."

"मला विचारायला हवं होतं, सरू."

"विचारलंच व्हतं की सकाळी. दोनदा. तुमी इडली वाढली."

मी तिच्या शेजारी बसलो. ज्योत्स्नाच्या फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये ती परकी दिसत होती, आणि बोलत होती ती मात्र माझीच. म्हटलं, "तुला नाही वाटत काही? पोरगी इतक्या लांब जाणार."

"मला काय वाटतंय त्ये मसाला कुटताना निगून गेलं," ती म्हणाली. "आता उटा. त्याला काय उन्हात करपवायचंय का?"

प्रितम वरच्या डेकवर कठड्याला टेकून होता. वाऱ्याने माझा, म्हणजे त्याचाच, टी-शर्ट फडफडत होता. त्याने बघितलं आणि हसायला आलं त्याला. "बाबा, यावर काय लिहिलंय माहिती आहे का?"

"काय?"

"'आज कामाला सुट्टी.'"

पाण्यावर एक पक्षी होता, जहाजाबरोबर उडत येत होता, कधी पुढे, कधी मागे. लहानपणी प्रितम असाच, स्टेशनवर माझ्या हातगाडीच्या पुढे-मागे पळायचा.

मी म्हटलं, "तिथे थंडी किती?"

तो दचकला. "उणे दहापर्यंत जाते. बाबा, पण आम्ही नाही..."

"कोट चांगले घेतलेत. पण भरलेत वाईट. कुकर वर, बूट खाली. ही काय पद्धत आहे? लांबच्या गाडीला असं सामान टिकतं का?"

मी पुढे बोललो, कारण थांबलो असतो तर बोलता आलं नसतं. "सकाळी मी बोललो ते ठाऊक असताना बोललो, प्रितम. बूट मी काल रात्रीच पाहिले होते."

"मला कळलं होतं ते."

"मग हो का म्हणालास?"

"तुम्ही म्हणालात ना, एकच इच्छा उरली आहे. त्यावर काय बोलू?" त्याने तोंड समुद्राकडे वळवलं. "मला जायचं आहे, बाबा. तुम्हाला सोडून नाही. पण जायचं आहे."

"मग तिकिटं काढ," मी म्हटलं. हे तीन शब्द उच्चारायला मला किती कष्ट पडले ते इथे लिहिता येत नाही. तो कठड्याला टेकून रडला. मी पाठीवर हात ठेवला. तिथे आपल्याकडची माणसं होती, घरची मंडळी घेऊन आलेली, त्यांनी नजर वळवली. शहाणी माणसं.

१९ डिसेंबर, गुरुवार

घरी. काल गोव्यात उतरलो, किल्ला पाहिला, मानसीला वाळूत सोडलं. ज्योत्स्ना माझ्याशेजारी बसून काही न बोलता चिक्कीचा तुकडा मोडून मोडून खात होती. चिक्की तिच्या पर्समध्ये होती, तिचीही सवय. मग म्हणाली, "बाबा, मी रोज संध्याकाळी फोन लावून देईन." मी म्हटलं, "रोज नको. रोज बोललं की माणसं काय जेवलात एवढंच विचारतात."

रात्री जहाजवाले सांगून गेले की बॅगा झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवा, सकाळी थेट बंदरावर मिळतील. मी ती थंडीची बॅग पुन्हा भरली, माझ्या पद्धतीने, आणि समाधानाने बाहेर ठेवली. सकाळी कळलं, प्रितमने दिलेले कपडेही त्यातच गेले. जहाजावरून उतरलो ते पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यावर आणि ज्योत्स्नाच्या ओढणीत. सरू दहा पावलं पुढे चालत होती, ओळख नसल्यासारखी. कुकर मात्र तिने सही करून ताठ मानेने परत घेतला.

घरी दार उघडलं तर ते अडलं. आमची बॅग दारामागे उभी होती, माझ्या हातची भरलेली, एकही सुरकुती नसलेली. चार दिवस तिथेच वाट बघत. मी ती अजून उघडलेली नाही.

२९ डिसेंबर, रविवार

नथू आला होता. त्याला कोणीतरी सांगितलं असणार. गच्चीवर उभा राहून तंबाखू मळत म्हणाला, "आबा, पोरगं चाललं म्हनं तिकडं. मग वरचं रद्द करायचं ना? विटा दुसऱ्याला देतो."

तीन वर्षं रिकामी खोली कशाला. तीन वर्षांनी मानसी किती उंच झालेली असेल, तिला खिडकीतून काय बघायला आवडेल, हे मला कुठे माहीत.

सरू जिन्यातून वर आली. "नथू, विटा टाक हितं. खोली बांधायची."

"कुनासाठी, मावशी?"

"अरं, ती मानसं जातील. पन कपाटं, गाद्या, तिची सायकल, त्याची पुस्तकं, ज्योत्स्नाची भांडी, हे समदं काय इमानात घालून नेनार हायेत का? तेवीस किलोत काय काय बसतंय? बाकीचं हितंच राहनार. त्याला जागा नको?"

नथूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खिडकी मात्र डोंगराकडेच ठेव."

२ फेब्रुवारी, रविवार

उद्या रात्री त्यांचं विमान.

आज दिवसभर मी सामान भरलं. यावेळी कोणी मला हटकलं नाही. ज्योत्स्ना काट्याला बॅग लावून आकडा वाचत होती आणि मी खाली बसून काढत-घालत होतो. कुकर तळाला, चाकांपाशी. त्याच्या पोटात मसाल्याची पुडी, तिच्याभोवती मोजे. गोधडी कडेने, म्हणजे धक्का तिला लागेल, बाकीच्यांना नाही. सरू उंबऱ्यात बसून बघत होती.

मानसीचे बूट उरले. आत केवढी जागा असते बुटात, आणि लोक ती रिकामी नेतात. मी चिक्कीचे पुडे आणले. शेंगदाण्याचे डाव्या बुटात, तिळाचे उजव्यात. ठासून भरले, बोटाने दाबून बघितलं. हलत नव्हते.

मानसी कमरेवर हात ठेवून उभी होती. "आजोबा! बूट भरून टाकले तर मी घालू काय?"

"तिथे पोचल्यावर आधी खायचं, मग घालायचं."

"आणि लगेच बर्फ पडला तर?"

"तर भराभर खायचं."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "तुमच्या पाखराला पेटी नसते. मला तर तेवीस किलो आहेत."

"पाखराला आजी नसते," मी म्हटलं. उंबऱ्यातून सरूचं हसू ऐकू आलं, आणि मग नाक ओढल्याचं.

ज्योत्स्नाने बॅग उचलून काट्याला लावली. आकडा बरोबर तेवीसला जाऊन थरथरला आणि थांबला. प्रितम म्हणाला, "बाबा, पास." मी जाड पुठ्ठा कापला, शाई काढली. जायचं ठिकाण त्याने सांगितलं तसं एकेक अक्षर लिहिलं. अवघड नाव आहे, पण म्हणून बघितलं तर लयीत बसतं. गुंटकलपेक्षाही छान. सुतळीने घट्ट गाठ मारली.

नंतर आत जाऊन मी आमची ती दारामागची बॅग उघडली. दोन शर्ट, साड्या, निळी शाल, चिक्की. सगळं जसंच्या तसं. सरूला म्हटलं, "हिला पण लेबल बांधून ठेवू का?"

"पैलं पासपोर्ट काडा," ती म्हणाली.